क्रोममध्ये जावा ऑन करायची सेटिंग कुठे आहे? – ऑफिसचं जावावालं ॲप्लिकेशन उघडत नाही तेव्हा काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसचं ईआरपी (हिशेब, स्टॉक वगैरे सगळं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) ऑरॅकल फॉर्म्सवर, म्हणजे ऑरॅकलच्या जावावर चालणाऱ्या स्क्रीनवर आहे, जुन्या मशीनवर इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये व्यवस्थित चालायचं. आता विंडोज ११ चे नवीन लॅपटॉप आलेत, त्यावर क्रोममध्ये लॉगिन होतं, मेनू दिसतो, पण एका लिंकने गेलं की पांढरं पान येतं आणि दुसऱ्या लिंकने गेलं की जेएनएलपी नावाची फाइल डाउनलोड होते आणि पुढे काहीच होत नाही. जावा काढून परत टाकलं, अगदी लेटेस्ट टाकलं, तरी तेच. आता विचारलंय की क्रोममध्ये जावा ऑन कसं करायचं आणि ते होत नसेल तर कुठला ब्राउझर टाकू.

सरळ उत्तर आधी देते. ती सेटिंग नाहीये, लपवलेली पण नाही. ज्या एनपीएपीआय नावाच्या प्लगइन पद्धतीवर जावा ब्राउझरच्या आत चालायचं ती क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये ४२ व्हर्जनला डीफॉल्ट बंद केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ४५ ला मुळासकट काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्हर्जनला तेच केलं. खुद्द जावानेही २०१८ मध्ये ११ व्हर्जनमधून ब्राउझर प्लगइन आणि वेब स्टार्ट (जेएनएलपी फाइल उघडणारा प्रोग्राम) दोन्ही काढले. म्हणजे तुम्ही लेटेस्ट जावा टाकलंत तिथेच एक पाचर बसली, कारण त्यात जेएनएलपी उघडणारा प्रोग्रामच नसतो. फाइल डाउनलोड होते आणि तिला उघडायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय काहीच होत नाही.

त्यामुळे कुठला ब्राउझर हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. खरा प्रश्न असा की तुमचं ॲप्लिकेशन कुठल्या रस्त्याने सुरू होतं. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जुना ॲपलेट, जो ब्राउझरच्या पानातच चालतो. दुसरा वेब स्टार्ट, म्हणजे सर्व्हर एक छोटी जेएनएलपी फाइल देतो, ब्राउझर ती जावाच्या हातात ठेवतो आणि ॲप्लिकेशन स्वतःच्या वेगळ्या विंडोत उघडतं, इथे ब्राउझरचं काम पोस्टमनइतकंच, पाकीट दिलं की तो मोकळा. पांढरं पान म्हणजे बहुतेक पहिला रस्ता, फाइल डाउनलोड म्हणजे नक्की दुसरा.

तुमच्याकडे दोन्ही दिसतंय यात मला चांगली बातमी दिसते. फॉर्म्सच्या सर्व्हरवर एका कॉन्फिग फाइलमध्ये एकाच ॲप्लिकेशनचे वेगवेगळे सेक्शन ठेवता येतात आणि लिंकच्या शेवटी कॉन्फिग बरोबर अमुक असं लिहून कुठला सेक्शन वापरायचा ते ठरतं. दोन्ही लिंक नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा आणि प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग बघा. माझा अंदाज आहे की तुमच्या ॲडमिनने वेब स्टार्टचा सेक्शन आधीच तयार करून ठेवलाय आणि लोक अजून जुन्या बुकमार्कनेच जातायत. तसं असेल तर जुना बुकमार्क सगळीकडून काढून टाका, अर्धं काम तिथेच संपलं. हा अंदाज आहे, सर्व्हर मी बघितलेला नाही, आणि पांढरं पान पॉपअप ब्लॉक झाल्यानेही येऊ शकतं, म्हणून त्या साइटला पॉपअपची परवानगी देऊन एकदा बघाच.

आता समजा सर्व्हरवर फक्त ॲपलेटच आहे आणि वेंडर बदलायला तयार नाही. मग एकच शहाणा पर्याय राहतो, मायक्रोसॉफ्ट एजचा आयई म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर मोड. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ जून २०२२ मध्ये रिटायर झाला, फेब्रुवारी २०२३ च्या एज अपडेटने विंडोज १० वर तो कायमचा बंदही केला, पण त्याचं इंजिन एजच्या आत जिवंत आहे आणि मायक्रोसॉफ्टने ते निदान २०२९ पर्यंत चालवायचं जाहीर केलंय. विंडोज ११ वर पण चालतं. एजच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ब्राउझर या भागात जा, साइट आयई मोडमध्ये रीलोड करायला परवानगी द्या, एज रीस्टार्ट करा आणि खालच्या यादीत तुमचा पत्ता टाका. इथे एक गोष्ट लोकांना नंतर छळते, ती यादी ३० दिवसांचीच असते, महिन्याभराने पान निमूट यादीतून जातं आणि सगळ्यांचे फोन येतात की काल चालत होतं आज बंद. पाच-सहा मशीन असतील तर ठीक, त्याच्यावर असतील तर एंटरप्राइझ साइट लिस्ट करा, म्हणजे एक एक्सएमएल फाइल सर्व्हरवर ठेवायची आणि ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकाच ठिकाणाहून सेटिंग लावायची विंडोजची सोय) एजला तिचा पत्ता द्यायचा, तिला मुदत नसते. लागू झाली का ते एजच्या ॲड्रेस बारमध्ये एज://कॉम्पॅट उघडून दिसतं (अर्थात इंग्रजीत टाइप करून).

आयई मोडमध्ये हमखास अडकायला होतं ते ३२ आणि ६४ बिटवर. विंडोज ६४ बिट, म्हणून लोक जावा पण ६४ बिट टाकतात, आणि तिथेच घोडं अडतं, कारण आयई मोडमधलं पान साधारणपणे ३२ बिट प्रोसेसमध्ये चालतं आणि त्याला ६४ बिट प्लगइन दिसतच नाही. तर ॲपलेटसाठी ३२ बिट जावा ८ लागतं. ११, १७, २१ यातलं काहीही इथे चालणार नाही.

इंटरनेटवर तुम्हाला सल्ला मिळेल की फायरफॉक्सचं जुनं ५२ ईएसआर (ऑफिससाठीची जास्त काळ सपोर्टवाली आवृत्ती) टाका, त्यात जावा चालतं. चालतं, खरंय. पण त्याचा सपोर्ट २०१८ मध्येच संपलाय, त्यानंतर एकही सिक्युरिटी पॅच नाही, आणि ऑफिसमध्ये तो ब्राउझर एकदा मशीनवर गेला की लोक त्याच्यातून मेल उघडतात, बँक उघडतात, तुम्ही कितीही सांगा. मी हे कुणालाच करू देत नाही. आयई मोडमध्ये निदान ठरवलेल्या साइटपुरतंच जुनं इंजिन वापरलं जातं आणि विंडोजसोबत त्याचे पॅच येत राहतात.

वेब स्टार्टच्या रस्त्यावर ब्राउझर कुठलाही चालतो, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. क्रोम आणि एज जेएनएलपीला धोकादायक फाइल समजतात, त्यामुळे डाउनलोड झाली की ठेवायची का असं विचारतात आणि ठेवा म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. बऱ्याच लोकांना ती छोटी पट्टी दिसतच नाही. फायरफॉक्स पूर्वी विचारायचा की कशाने उघडू, ९८ व्हर्जनपासून विचारणं बंद झालं आणि फाइल गुपचूप डाउनलोड फोल्डरमध्ये जाते. तिथे सेटिंगच्या जनरल भागात ॲप्लिकेशन्सची यादी असते, त्यात जेएनएलपी शोधून समोर जावा वेब स्टार्ट निवडा, मग तो थेट उघडतो. आणि फाइल डाउनलोड न होता पानावर एक्सएमएलचा मजकूरच दिसत असेल तर ब्राउझरला हात लावू नका, सर्व्हर फाइलचा प्रकार चुकीचा सांगतोय, ते काम ॲडमिनचं.

मशीनची संख्या जास्त असेल तर प्रत्येकाला ठेवा म्हणायला शिकवण्यापेक्षा पॉलिसी लावा. क्रोम आणि एज दोन्हीत ऑटोओपनफाइलटाइप्स नावाची पॉलिसी आहे, तिच्यात जेएनएलपी लिहायचं, आणि सोबत ऑटोओपनअलाउडफॉरयूआरएल्स मध्ये फक्त तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. ही दुसरी पॉलिसी विसरू नका, हात जोडून सांगते, नाहीतर जगातल्या कुठल्याही साइटवरून आलेली जेएनएलपी आपोआप उघडायला लागेल. धोक्याची सूचना फक्त तुमच्या डोमेनपुरती बंद करणारी वेगळी पॉलिसी पण दोन्हीत आहे. मॅकवाल्यांसाठी एवढंच की सफारीत प्लगइनचा विषय कधीच संपलाय, तिथे वेब स्टार्टचाच रस्ता.

आता फाइल जावाकडे पोचली पण ॲप्लिकेशन उघडत नाही, किंवा ॲप्लिकेशन सुरू करता आलं नाही असा मोघम डायलॉग येतो जो ताकास तूर लागू देत नाही. इथे बहुतेक जण परत जावा टाकायच्या मागे लागतात. मी सगळ्यात आधी ती जेएनएलपी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. साधा मजकूर असतो, घाबरायचं काही नाही. वरच्या दोन-चार ओळीत कोडबेस नावाचा पत्ता असतो, म्हणजे जार फाइल्स (ज्यात ॲप्लिकेशनचा खरा प्रोग्राम असतो) कुठून आणायच्या. तो पत्ता आणि तुम्ही ब्राउझरमध्ये टाइप केलेला पत्ता एकच आहे का बघा. अनेक ठिकाणी सर्व्हर बदललेला असतो किंवा पुढे लोड बॅलन्सर, रिव्हर्स प्रॉक्सी (खऱ्या सर्व्हरच्या पुढे उभं राहून लोकांची मागणी आत पाठवणारं मशीन) बसवलेला असतो, बाहेरून एचटीटीपीएसने छान पान उघडतं पण कोडबेसमध्ये मात्र आतल्या मशीनचं नाव आणि साधं एचटीटीपी, तेही वेगळ्या पोर्टवर. तुमच्या लॅपटॉपला ते नाव माहीतच नाही, तर जार येणार कुठून! हे दिसलं की क्लायंटवर एक मिनिटही घालवू नका, ती ओळ ॲडमिनला पाठवा.

त्याच्या खाली रिसोर्सेसमध्ये जावाचं व्हर्जन लिहिलेलं असतं. १.८+ लिहिलं असेल तर १.८ किंवा त्यापुढचं कुठलंही चालेल. १.६* लिहिलं असेल तर त्याला १.६ च्याच घराण्यातलं जावा हवंय, तुमचं नवीन ८ तो मान्य करणार नाही. अशा वेळी जुनं ६ शोधून टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, वेंडरला सांगून ती ओळ बदलून घ्या आणि ॲप्लिकेशन ८ वर तपासून घ्या.

आणखी एक, या फाइलमध्ये बरेचदा लॉगिनचं तिकीट म्हणजे त्या सेशनचा टोकन असतो, म्हणजे ती फाइल त्या वेळेपुरतीच. लोक काय करतात, डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन कालचीच फाइल डबलक्लिक करतात किंवा डेस्कटॉपवर आणून ठेवतात शॉर्टकट म्हणून. मग कधी सेशन संपल्याचा एरर, कधी नुसतं बंद. दरवेळी ब्राउझरमधून लॉगिन करूनच यायचं, आणि डाउनलोड फोल्डरमध्ये साठलेल्या जुन्या फाइल्स पुसून टाकायच्या, सोय म्हणून नव्हे, त्यात टोकन असतं म्हणून.

फाइल डबलक्लिक केल्यावर ती नोटपॅडमध्ये किंवा ब्राउझरमध्येच परत उघडत असेल तर विंडोजचं असोसिएशन बिघडलंय. राइट क्लिक करून ओपन विथ मध्ये जावा वेब स्टार्ट लाँचर निवडा आणि नेहमी हेच असं ठेवा. यादीत ते दिसत नसेल तर जावा ८ जिथे टाकलंय त्याच्या बिन फोल्डरमधली जावाडब्ल्यूएस नावाची एक्झी दाखवा. वेब स्टार्टला ३२ की ६४ हा वाद ब्राउझरसाठी उरत नाही, पण एकाच मशीनवर दोन-तीन जावा असतील तर उघडणारं नक्की कुठलं हे सांगता येत नाही, आणि मग एका टेबलावर चालतं, शेजारच्या टेबलावर नाही. त्यामुळे मी नवीन मशीन लावताना आधी सगळी जावा काढते, रीस्टार्ट करते आणि जे हवं ते एकच टाकते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला वेगळं जावा लागतच असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा डिप्लॉयमेंट रूल सेट नावाची सोय वापरावी लागते, त्यात अमुक साइटसाठी अमुक व्हर्जन असं बांधून देता येतं. ती फाइल डिजिटल सही (कोणी बनवली याचा पुरावा) केलेली लागते, सेटअप वेळखाऊ आहे, पण मोठ्या ऑफिसात तिला पर्याय नाही.

आता सिक्युरिटीच्या भानगडी. जावा कंट्रोल पॅनलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जावा कंटेंट चालू करायची टिक आहे ना ते बघा. खाली एक्सेप्शन साइट लिस्ट असते, तिथे तुमच्या सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएससकट टाका, आणि नेहमीचा सोडून वेगळा पोर्ट असेल तर तो पण, कारण पोर्ट गाळला की ती नोंद असून नसल्यासारखी. ही यादी २०१४ मध्ये जावा ७ अपडेट ५१ सोबत आली, कारण त्याच अपडेटपासून सही नसलेली ॲप्लिकेशन डीफॉल्ट अडवली जायला लागली. पण या यादीने सगळं सुटतं असं समजू नका. जार फाइल्सवर एमडी५ नावाच्या जुन्या पद्धतीची सही असेल तर एप्रिल २०१७ पासूनचं जावा त्यांना सही नसलेलंच धरतं, आणि त्यावर खरा इलाज वेंडरने जार परत नव्याने सही करणं हाच आहे.

आणि हे जरा नीट वाचा, कारण जुन्या मशीनवर चालतं आणि नवीनवर नाही यामागे बरेचदा हेच निघतं. एप्रिल २०२१ मध्ये जावा ८ अपडेट २९१ आलं आणि त्यात टीएलएस (एचटीटीपीएसमागची एन्क्रिप्शनची पद्धत) १.० आणि १.१ डीफॉल्ट बंद झाले. तुमच्या जुन्या मशीनवर त्याच्या आधीचं अपडेट पडलेलं असणार, सर्व्हर पण जुना, दोघांचं जुन्या टीएलएसवर जमायचं. नवीन लॅपटॉपवर नवीन अपडेट, ते १.२ च्या खाली बोलत नाही. कन्सोलमध्ये (जावाचे एरर दाखवणारी विंडो, कशी उघडायची ते खाली आहे) हँडशेक फेल्युअर किंवा प्रोटोकॉल डिसेबल्ड असल्यासारखं काही दिसलं तर हेच. आता जावाच्या सिक्युरिटी फाइलमधून ती बंदी उठवता येते, आणि बरेच जण पटकन तेच करतात. एखाद्या रात्री महिनाअखेरीचं काम अडलंय, तर तेवढ्यापुरतं एका मशीनवर करणं मी समजू शकते. पण सगळ्या लॅपटॉपवर कायमचं करू नका, पुढच्या अपडेटला ते पुसलंही जातं आणि तुम्ही परत शून्यावर. सर्व्हरवर टीएलएस १.२ चालू करून घेणं हेच काम आहे आणि ते मागून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एररमध्ये पीकेआयएक्स पाथ असे शब्द दिसले तर विषय वेगळा, तिथे जावाला तुमच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर विश्वास नाहीये. ब्राउझरमध्ये कुलूप बरोबर दिसत असेल तरी जावाचं सर्टिफिकेटचं स्वतःचं दप्तर वेगळं असतं, ऑफिसचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट असेल तर ते तिथेही टाकावं लागतं.

कन्सोल म्हणतेय ते जावा कंट्रोल पॅनलच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये शो कन्सोल केलं की ॲप्लिकेशनसोबत उघडतं. डायलॉगपेक्षा तिथल्या एररच्या पहिल्या दोन-तीन ओळी शंभरपट कामाच्या. आणि सर्व्हरवर काही बदल झाला असेल तर जनरल टॅबमधून टेम्पररी फाइल्स पुसा, ब्राउझरचा कॅश पुसून उपयोग नाही, जावा आपल्या जार वेगळ्या साठवतं.

लायसन्सचा मुद्दा राहिला. ऑरॅकलच्या जावा ८ ची एप्रिल २०१९ पासूनची अपडेट्स ऑफिसच्या कामासाठी फुकट नाहीत. ऑरॅकलच्या काही प्रॉडक्टसोबत तेवढ्या प्रॉडक्टपुरता जावा वापरायचा हक्क येतो, तुमच्या करारात तसं आहे का ते खरेदी विभागाला विचारा, स्वतः गृहीत धरू नका. नसेल तर ओपनवेबस्टार्ट बघा, ओपन सोर्स आहे, जेएनएलपी उघडतं, जावा ८ आणि ११ दोन्हीवर चालतं आणि लागेल ते व्हर्जन स्वतः आणून ठेवतं. ॲपलेटला मात्र त्याचा उपयोग नाही. माझ्याकडे साधी ॲप्लिकेशन त्यावर आरामात चालली, प्रिंटिंग आणि फाइल अपलोडवाली मात्र नीट तपासूनच लोकांना दिली. तुम्ही फॉर्म्स १२सी वर असाल तर अजून एक रस्ता आहे, फॉर्म्स स्टँडअलोन लाँचर. त्यात ब्राउझर पण नाही आणि वेब स्टार्ट पण नाही, लॅपटॉपवर एक जार ठेवायची आणि जावाने तिला सर्व्हरचा पत्ता देऊन चालवायची. नवीन लॅपटॉपसाठी मला हाच सगळ्यात स्वच्छ वाटतो, फक्त सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळी ॲप्लिकेशन) वापरत असाल तर आधी ॲडमिनशी बोला.

तुमच्या जागी मी असते तर आज एकच लॅपटॉप घेतला असता, सगळी जावा काढून ८ चं एकच टाकलं असतं, जेएनएलपीवाल्या लिंकने फाइल आणून नोटपॅडमध्ये कोडबेस आणि व्हर्जन बघितलं असतं, कन्सोल चालू करून मग फाइल उघडली असती. तरीही अडलं तर इथे जेएनएलपीच्या वरच्या पंधरा-वीस ओळी, कन्सोलमधल्या एररच्या पहिल्या ओळी आणि जावाचा पूर्ण अपडेट नंबर टाका, मी बघते. टाकण्याआधी सर्व्हरचं नाव आणि तिकिटाची ओळ मात्र आठवणीने पुसा, आणि फॉर्म्सचं व्हर्जन किती ते ॲडमिनकडून विचारून तेही लिहा.